शेवटची खुंटी

कचेरीने सांगितलं होतं :
चवाकाच्या आखाताची किनाऱ्याची रेघ काढून आण.
एकच, सलग, निळ्या शाईत.

मी गावात पोचले तेव्हा
समुद्र घरी नव्हता.
दूर खडपापर्यंत गेला होता,
जिथे लाटा फुटताना दिसतात, ऐकू येत नाहीत.
मागे उघडी पुळण,
टाचेत घुसणारा पोवळ्याचा चुरा,
समुद्रगवताची कुरणं ओली, आडवी निजलेली,
आणि एक उलांडीची होडी कुशीवर कलंडलेली,
जणू पाट उचलला आणि ताट तिथेच विसरलं कुणी.

मिझे मावशी त्या सगळ्याच्या मधोमध
वाकून खुंट्या मोजत होती, पायाने.
'रेघ होय?' ती वर न बघता म्हणाली,
'किती वाजताची पाहिजे?

पुनवेच्या उधाणाची, की भांगाची?
कुसी वारा सुटतो तेव्हाची,
की कास्काझी पडतो तेव्हाची?
तिकडे दक्षिणेला तिवरांत जा,
पाणी चहाच्या रंगाचं आहे, मुळं नाकं वर काढून बसलीत,
निवटे चिखलावर उड्या मारतात.
त्यांना विचार जमीन कुठे संपते.
त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.'

मी वहीत लिहिलं : रेघ अनिश्चित.
मग खोडलं. साहेबांना चाललं नसतं.

वीस वर्षं तिची शेती गुडघाभर पाण्यात होती.
खुंटीपासून खुंटीपर्यंत दोरी,
दोरीला शेवाळाचे तांबूस झुबके,
ओहोटीला काढायचे, वाळवायचे, पोत्यात भरायचे.
त्यातून पत्रे आले, पोरीची फी आली,
एकदा एक भिंतीवरचं घड्याळ आलं,
जे भरतीची वेळ सोडून सगळ्या वेळा दाखवायचं.

मग एका मोसमात उथळ पाणी इतकं तापलं
की शेवाळाची टोकं पांढरी पडली,
हातात घेतली की तुटत,
जास्त शिजलेल्या शेवयांसारखी.
व्यापारी म्हणाला, पुढे जा, खोल पाणी गार आहे.
खोल पाणी गार होतं
आणि पुरुषांचं होतं.

बावन्नाव्या वर्षी मावशी पोहायला शिकली.
शिकवणारी तातू, शेजारची, बारा वर्षांची, कडक.
पायघोळ झगा, डोक्याला घट्ट कांगा,
पोटाशी बांधलेला तेलाचा रिकामा पिवळा डबा.
पहिल्या दिवशी ती पाणी प्यायली,
दुसऱ्या दिवशी तातूला शिव्या दिल्या,
नवव्या दिवशी डबा सुटला आणि
ती त्याच्या मागे गेली, तो परत आणायला,
आणि आणल्यावर तिला कळलं.

वुआई काका, जन्मभर माकुळं धरलेला,
किनाऱ्यावर पाठ करून बसायचा
आपल्याला काही दिसत नाही
हे सगळ्या गावाला दिसावं म्हणून.

दुपारी पाणी परत आलं.
धावत नाही ते, आधी आपल्या पावलांचे ठसे भरतं,
मग होडीला हळूच उठून बसवतं,
मग घोट्याला विचारतं, गुडघ्याला विचारत नाही.
मावशी म्हणाली, चल.
कमरेपर्यंत मी बरोबर होते, छातीपर्यंत होते,
पुढे ती एकटीच गेली.
शेवटच्या खुंटीपाशी तिने दोन्ही हात वर केले.
मला वाटलं बुडतेय.
ती दाखवत होती :
बघ, पाय टेकत नाहीत.

नकाशा झाला. निळी रेघ आली, एकच, सलग,
एका विशिष्ट मंगळवारची, साडेतीनची.
पाण्याच्या बाजूला मी एक टिंब ठेवलं.
साहेबांनी चष्मा सरकवला :
हे काय, खडक?
नाही साहेब, खोली.
किती?
एका बाईपेक्षा वीतभर जास्त.